तारेच्या दोन भुजा : स्वहस्ते बांधावयाची रेडिओ अँटेना

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, त्या वेळी श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचालकांचे पथक पोर्ट ब्लेअर येथे होते. दूरध्वनी कोलमडले, तेव्हा या पथकाच्या केंद्रावरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांना कळली. अशा केंद्राचा प्रेषकसंच सहसा विकत आणावा लागतो. अँटेना मात्र विद्यार्थ्याला स्वतः बांधता येते.

हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. त्यांनी वापरलेल्या, मध्यभागी दुभंगलेल्या वाहकाचेच साधे रूप म्हणजे ‘डायपोल’ अँटेना.

तिचे गणित सोपे आहे. लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. म्हणून ३०० ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. डायपोल तिच्या निम्म्या लांबीची असते. प्रत्यक्ष तारेसाठी त्यातून सुमारे ५ टक्के वजा करतात. म्हणून ७.१ मेगाहर्ट्झसाठी १४३ ला ७.१ ने भागावे. उत्तर सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा १० मीटरहून किंचित अधिक.

तांब्याच्या तारेचे दोन समान तुकडे घ्यावेत. मध्ये प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा ठेवून दोन्ही तारा त्यास एकमेकींना न लागता बांधाव्यात. कोअ‍ॅक्सियल केबलची आतली तार एका भुजेस व बाहेरची जाळी दुसऱ्या भुजेस डाख द्यावी. सांधा पाण्यापासून झाकावा. टोकांनाही नळीचे तुकडे व नायलॉनची दोरी लावून अँटेना उंच ताणावी. विजेच्या तारांजवळ ती कधीही उभारू नये. पावसाळी गडगडाटात केबल संचापासून सोडवावी.

तार आरंभी थोडी लांबच ठेवावी. एस.डब्ल्यू.आर. मीटरने मोजून दोन्ही टोके सारखी, थोडी थोडी कापावीत. मोजावे, तपासावे, मग कापावे : हा क्रम विद्यार्थ्याच्या अंगी बाणला, तर आम्ही त्यास अँटेनेइतकेच मोल देऊ.

प्रक्षेपणासाठी केंद्र शासनाची परीक्षा व परवाना आवश्यक आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी तो मिळविला असेल, त्यांनी एक दिवस शाळेत येऊन मुलांसोबत ही तार ताणावी, अशी आमची विनंती आहे.