विरजण किती लावायचं?

शीर्षक वाचून हा लेख एखाद्या पाककृती विशेषांकातून चुकून इथे आलाय असं समजू नका. विषय बायोकेमिकल इंजिनिअरिंगचाच आहे, फक्त उदाहरण बिअरचं घेतलंय. रेक्टर सरांनी लगेच रूम चेकिंगला निघू नये! परवान्याशिवाय दारू बनवणं आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे इथे शिजणार आहे ते फक्त गणित. अमेरिकेत मात्र १९७८ साली जिमी कार्टर यांच्या सहीने घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली, आणि तिथल्या हौशी मंडळींनी यीस्टचा हिशोब अगदी बारकाईने मांडला. मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे टेक्निकल शब्द इंग्रजीच येतील, सांभाळून घ्या.

आधी दोन व्याख्या. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड काढा म्हणजे वर्ट. पाण्याच्या तुलनेत त्याची घनता म्हणजे ग्रॅव्हिटी. साध्या बिअरचा वर्ट १.०४५ च्या आसपास असतो, म्हणजे वजनाने सुमारे ११ टक्के विरघळलेला माल, यालाच ११ डिग्री प्लेटो म्हणतात. बार्लीवाइनसारख्या कडक बिअरचा वर्ट १.०९० पर्यंत जातो, म्हणजे साधारण २१.५ प्लेटो.

आता परीक्षेसारखं उदाहरण सोडवू. वर्ट २० लिटर. एल जातीच्या साध्या बिअरसाठी नियम असा, की दर मिलिलिटरला, दर डिग्री प्लेटोमागे ७.५ लाख जिवंत पेशी घालायच्या. दाट वर्टला हाच आकडा १० लाख धरतात.

साधी बिअर: ७.५ लाख × २०,००० × ११ = १६५ अब्ज पेशी.
कडक बिअर: १० लाख × २०,००० × २१.५ = ४३० अब्ज पेशी.

म्हणजे साखर दुप्पट झाली, तर यीस्ट अडीचपटीहून जास्त लागलं. आणि द्रवरूप यीस्टच्या एका ताज्या पाकिटात असतात साधारण १०० अब्ज!

तुम्ही म्हणाल, यीस्ट वाढतंच की, मग एक पाकीट टाकून वाट बघू. खरी गंमत इथेच आहे. यीस्टला पेशीचं आवरण मजबूत ठेवायला स्टेरॉल लागतात, आणि ते बनवायला ऑक्सिजन लागतो. वर्टमधला ऑक्सिजन पहिल्या काही तासांतच संपतो. पुढे प्रत्येक वेळी एका पेशीच्या दोन होताना असलेले स्टेरॉल वाटले जातात, वडिलोपार्जित जमिनीसारखे. दर पिढीत तुकडा लहान! सुरुवातीला साखरेचा ऑस्मॉटिक दाब आणि शेवटी अल्कोहोल, अशा दोन्ही बाजूंनी मार खाणाऱ्या या दुबळ्या पेशी मग मध्येच हात टेकतात. १.०२० पर्यंत उतरायची ग्रॅव्हिटी १.०४० वरच अडकते. ९ टक्क्यांऐवजी साडेसहा टक्के अल्कोहोल, आणि बाकी पाक. शिवाय घाईघाईने वाढताना फ्यूजेल अल्कोहोल जास्त तयार होतात, त्यांचा झणका सॉल्व्हंटसारखा.

उपाय तीन. एक, आधी पातळ वर्टमध्ये, लिटरला १०० ग्रॅम माल्ट पावडर घेऊन, स्टार्टर वाढवायचा. १०० चे २००, २०० चे ४००, अशा दोन दुपटींत आपण गरजेच्या जवळ पोहोचतो. त्याला स्टिर प्लेटवर साधारण दोन-अडीच लिटर लागतात. दोन, आधी साधी बिअर करायची आणि तिच्या तळाचा ताजा गाळ वापरायचा. तीन, ऑक्सिजन. नुसत्या हवेने वर्टमध्ये लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतो, दाट वर्टमध्ये त्याहून कमी, म्हणून कडक बिअरला शुद्ध ऑक्सिजन देतात. मोजायचं असेल तर मायक्रोस्कोपखाली हिमोसायटोमीटर आणि मिथिलीन ब्लू: मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत रंगहीन राहतात.

मग याचा आपल्याशी काय संबंध? आपल्या साखरपट्ट्यात मळीपासून अल्कोहोल बनवतं ते हेच सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. समजा, टाकीत ८ टक्के अल्कोहोल झालं, तर एक लिटर अल्कोहोल काढल्यावर मागे उरतं सुमारे साडेअकरा लिटर पाणी. १२ टक्के झालं तर सव्वासात. हे ढोबळ गणित आहे, पण हे उरलेलं पाणी म्हणजेच स्पेंटवॉश. डिस्टिलरीजवळच्या गावात राहिलेल्यांना त्याचा वास आणि ओढ्याचा तपकिरी रंग वेगळा सांगायला नको. दाट मळी पूर्ण आंबवायची तर सुरुवातीला निरोगी आणि पुरेसं यीस्ट हवं. म्हणूनच डिस्टिलरीत ते टेस्ट ट्यूबपासून फ्लास्क, छोटं भांडं, मग प्री-फरमेंटर असं पायरीपायरीने वाढवतात. तिथे कंजूसपणा केला, तर त्याची किंमत शेवटी विहिरीच्या पाण्याला मोजावी लागते.

आजीला प्लेटो माहीत नव्हता, पण थंडीत दुधाला विरजण जास्त लावायचं हे पक्कं ठाऊक होतं. परिस्थिती कठीण असेल तर कामाला माणसं जास्त आणि दमदार हवीत. मायक्रोबियल प्रोसेसचा पेपर लिहिताना एवढं लक्षात ठेवा, डेरिव्हेशन आपोआप सुटेल.

— तृतीय वर्ष, केमिकल