भूल देणाऱ्याने काय पाहावे?

कोठीतील उस्मानिया मेडिकल कॉलेजची परंपरा १८४६ साली सुरू झालेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलपर्यंत मागे जाते. या शाळेच्या प्रमुखाने घडवून आणलेल्या एका संशोधनाची चर्चा पुढे जगभर झाली. त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

१८४७ साली एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरण्यास सुरुवात केली. शस्त्रक्रियेच्या वेदना टळल्या. परंतु पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये पायाच्या नखाच्या साध्या शस्त्रक्रियेत हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी दगावली. असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले.

याचे कारण काय? एक पक्ष म्हणे, हृदय एकाएकी बंद पडते. म्हणून भूल देणाऱ्याने नाडी पाहावी. दुसरा पक्ष म्हणे, आधी श्वास थांबतो. म्हणून श्वासावरच लक्ष ठेवावे. हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. बेशुद्ध रुग्णाला बोलता येत नाही. त्याचा जीव दुसऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो.

रेसिडेन्सीचे सर्जन व मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे दुसऱ्या पक्षाचे होते. त्यांच्या पुढाकाराने १८८८ साली पहिले क्लोरोफॉर्म कमिशन झाले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच्या निष्कर्षांबद्दल शंका घेतली. तेव्हा निजामाने १,००० पौंड देऊ केले आणि १८८९ साली लॉडर ब्रंटन हे तज्ज्ञ हैदराबादेत आले. कुत्री, माकडे, शेळ्या अशा चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. ब्रंटन यांनी लंडनला तारेने कळविले, की धोका गुदमरण्याचा किंवा जास्त मात्रेचा आहे. हृदयाला थेट धोका मुळीच नाही.

हा निकाल अर्धाच खरा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाही हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. म्हणजे नाडीची काळजी करणारेही चुकीचे नव्हते.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना यातील मर्म लवकर उमगावे. हिशेबतपासनीस "या पेढीत अफरातफर नाहीच" असे कधी लिहीत नाही. आपण काय तपासले आणि त्यात काय आढळले, एवढेच तो लिहितो. "आढळले नाही" आणि "नाहीच" यांत फार मोठे अंतर आहे. कमिशनने ते अंतर ओलांडले. चारशे प्राण्यांचा आकडा मोठा खरा, पण आकडा मोठा असला म्हणजे निष्कर्ष निर्दोष होतोच असे नाही.

तरीही या संशोधनाचे मोल कमी होत नाही. श्वासावर अखंड लक्ष ठेवा, श्वासमार्ग मोकळा ठेवा, हा त्याचा आग्रह योग्यच होता. भूल देणे हे शिकून करावयाचे, जबाबदारीचे काम आहे, हे लॉरी यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर बिंबविले. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांचा उल्लेख जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून केला जातो.

आज भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरीत नाहीत. शस्त्रक्रियागृहात नाडी, रक्तदाब, श्वास आणि रक्तातील प्राणवायू या सर्वांवर एकाच वेळी लक्ष असते. दोन्ही पक्षांचे म्हणणे अखेर एकाच रुग्णाच्या उशाशी एकत्र आले. आपले मत जिंकण्यापेक्षा समोरचा रुग्ण जगणे महत्त्वाचे, हे संशोधकाने आणि डॉक्टरानेही विसरू नये.