शहराच्या वेशीवरची जमीन : तीन देशांतील नगररचनेचा तौलनिक परिचय

शहराची वाढ प्रथम जाणवते ती त्याच्या वेशीबाहेरील शिवारात. काल जेथे ज्वारी उभी होती तेथे आज भूखंडांच्या हद्दीचे दगड रोवले जातात, पायवाटेचा रस्ता होतो आणि सातबाऱ्यावरील नावे बदलू लागतात. या स्थित्यंतरातून तीन प्रश्न उभे राहतात. जमिनीचा वापर कसा व्हावा हे कोणी ठरवावयाचे? रस्ते, शाळा, दवाखाने व बागा यांसाठी लागणारी जागा कोणी सोडावयाची? आणि शहर जवळ आल्यामुळे जमिनीची जी किंमत वाढते, तिचा लाभ कोणाच्या पदरात पडावयाचा? ब्रिटन, जर्मनी व जपान या तीन देशांनी या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या मार्गांनी शोधली. त्यांचा परिचय करून घेणे आपल्या दृष्टीने उपयुक्त आहे. कारण आपल्या राज्यातील नगररचनेच्या कायद्याचे धागे थेट युरोपातील प्रयोगांशी जुळलेले आहेत.

ब्रिटन : परवानगीची पद्धत

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने १९४७ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायदा केला आणि तो १ जुलै १९४८ पासून अमलात आणला. या कायद्याने जमिनीची मालकी मालकाकडेच ठेवली. तथापि तिच्यावर बांधकाम करण्याचा अथवा तिचा वापर बदलण्याचा हक्क शासनाकडे घेतला. तेव्हापासून अशा बदलासाठी स्थानिक परिषदेची परवानगी आवश्यक झाली. परवानगी नाकारली गेल्यास केवळ त्या कारणाने भरपाई मिळत नाही. मात्र अर्जदारास वरिष्ठ पातळीवर अपील करता येते. तेथील विकास योजना ही मार्गदर्शक असते. प्रत्येक अर्जाचा निर्णय योजना व स्थानिक परिस्थिती या दोहोंचा विचार करून होतो.

वाढीव किंमतीबाबत या कायद्याची भूमिका कठोर होती. विकासामुळे वाढणारे संपूर्ण मूल्य शासनाने आकारणीच्या रूपाने घ्यावे, अशी तरतूद होती. परिणामी मालकांना जमीन विकण्यात स्वारस्य उरले नाही आणि १९५३ मध्ये ही आकारणी रद्द करावी लागली. परवानगीची पद्धत व शहरांभोवतीचा हरित पट्टा मात्र टिकून राहिला. शेतजमीन व मोकळा निसर्ग यांचे रक्षण त्यामुळे झाले. परंतु घरांसाठी जमीन अपुरी पडून घरे महाग झाली, अशी टीकाही या धोरणावर होत आली आहे.

जर्मनी : जमिनीची पुनर्मांडणी

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराभोवतीच्या शेतजमिनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांमुळे चिंचोळ्या पट्ट्यांत विभागल्या गेल्या होत्या. अशा पट्ट्यांवर सरळ रस्ता काढणे वा नीट घर बांधणे अशक्य होते. शहराचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या प्रयत्नाने १९०२ मध्ये यासाठी खास कायदा झाला. त्याचे तत्त्व साधे होते. एका क्षेत्रातील सर्व जमिनी हिशेबासाठी एकत्र धरावयाच्या, त्यातून रस्ते व सार्वजनिक जागा वेगळ्या काढावयाच्या आणि उरलेली जमीन सुबक भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे परत द्यावयाची. मालकाचे क्षेत्र घटते. परंतु रस्त्यालगतचा, बांधण्याजोगा भूखंड मिळाल्याने त्याचे मोल वाढते.

हे तत्त्व जर्मनीच्या विद्यमान बांधकाम संहितेतही आहे. क्षेत्रफळाच्या आधारे वाटप करताना, प्रथमच विकसित होणाऱ्या भागात जास्तीत जास्त ३० टक्के जमीन वजा करता येते. बांधकामाची तपशीलवार योजना नगरपरिषद उपविधी म्हणून संमत करते. ती नागरिकांवर बंधनकारक असते, तशीच खुद्द नगरपरिषदेवरही असते. वस्तीच्या हद्दीबाहेर, शेतीसारखे मोजके अपवाद वगळता, बांधकामास सामान्यतः वाव नसतो.

जपान : भूकंपांनी दिलेला धडा

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात व त्यानंतरच्या आगीत टोकियोचा मोठा भाग भस्मसात झाला. जळालेल्या भागातील सुमारे ३,००० हेक्टर क्षेत्राची उभारणी जमिनीच्या पुनर्मांडणीतून झाली. पुढे १९५४ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. मालकांनी संघ स्थापून योजना राबवावयाची असल्यास संख्येने व क्षेत्रानेही दोन-तृतीयांश संमती लागते. प्रत्येकाने सोडलेल्या जमिनीचा एक भाग रस्ते व बागांना जातो. दुसरा भाग राखीव भूखंड म्हणून विकला जातो आणि त्या रकमेतून योजनेचा खर्च भागविला जातो.

या पद्धतीची कसोटी १७ जानेवारी १९९५ च्या कोबे येथील भूकंपानंतर लागली. अनेक कुटुंबे निवाऱ्यांत दिवस काढीत असतानाच, अवघ्या दोन महिन्यांत, पुनर्रचनेच्या योजना निश्चित करण्यात आल्या. आपणास न विचारता आपल्या घराची जागा कापली जाणार, या भावनेने रहिवाशांनी तीव्र विरोध केला. त्यानंतर मोहल्ल्यामोहल्ल्यांत रहिवाशांच्या समित्या स्थापन झाल्या आणि अंतर्गत रस्ते व बागा यांचा तपशील त्यांच्याशी विचारविनिमय करून ठरविण्यात आला. आराखडा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असला तरी लोकांचा विश्वास नसेल तर तो अडतो, हा त्यातील बोध होय.

आपल्याकडील धागा

फ्रँकफुर्टच्या या तत्त्वाचा प्रभाव १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यावर पडला. वांद्रे, खार, सांताक्रूझ येथील अनेक रस्ते व भूखंड नगररचना योजनांतूनच आखले गेले. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही या योजनांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्रत्यक्षात मात्र आपला भर विकास योजनेतील आरक्षणांवर राहिला. आरक्षणात एकाची संपूर्ण जमीन अडकते आणि शेजाऱ्याला नव्या रस्त्याचा लाभ विनासायास मिळतो. नगररचना योजनेत हा भार सर्वांवर वाटला जातो. शेजारच्या गुजरातने १९७६ च्या कायद्याखाली हीच वाट सातत्याने चोखाळली आणि अहमदाबादभोवतीच्या सुमारे ७६ किलोमीटरच्या वळण रस्त्यासाठी तिचा उपयोग केला.

नवी मुंबईची वाट वेगळी होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि जमिनी संपादनाने घेण्यात आल्या. १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात शेतकऱ्यांचे बळी गेले. पुढे १९९० च्या दशकात प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. शहराच्या समृद्धीत मूळ मालकाचा वाटा असावा, हे तत्त्व अशा प्रकारे फार मोठी किंमत मोजून मान्य झाले.

निर्णय कोणाचा?

योजनेइतकेच महत्त्व ती करणाऱ्या संस्थेला आहे. जर्मनीत स्थानिक स्वशासनाला राज्यघटनेचे संरक्षण आहे. जपानमध्ये महापौर थेट लोकांकडून निवडला जातो आणि २००० पासून नगरनियोजन हे स्थानिक संस्थांचे स्वतःचे कार्य मानले जाते. ब्रिटनमध्ये संसदेचा शब्द अंतिम असतो. १९८६ मध्ये बृहत्‌ लंडन परिषद रद्द झाली आणि २००० पर्यंत त्या महानगरास स्वतःची निर्वाचित शासनसंस्था नव्हती.

भारतात १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजनाचा समावेश बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत केला. जिल्हा नियोजन समितीने पंचायती व नगरपालिका यांच्या योजनांचा मेळ घालावा, अशीही तरतूद झाली. तथापि महाराष्ट्रात महापालिकेचे कार्यकारी अधिकार शासननियुक्त आयुक्तांकडे आहेत आणि विकास योजनेस राज्य शासनाची मंजुरी लागते.

ग्रामपंचायतीने काय करावे?

शहरालगतच्या ग्रामपंचायतींनी यातून काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. आपले गाव कोणत्या प्रादेशिक योजनेत अथवा नियोजन प्राधिकरणाच्या क्षेत्रात येते, याची माहिती कार्यालयात ठेवावी. प्रारूप योजना प्रसिद्ध होताच तिचा नकाशा मिळवून ग्रामसभेत गट क्रमांकानुसार समजावून सांगावा. या कामी गावातील शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरेल. हरकती व सूचना मुदतीत, लेखी स्वरूपात द्याव्यात आणि पोच घ्यावी. रस्ता अथवा क्रीडांगण यांचा भार एकाच कुटुंबावर येत असेल, तर नगररचना योजनेची मागणी करता येईल काय, याचा विचार व्हावा.

आराखड्यावरील रेघ एकदा मंजूर झाली की ती पुसणे कठीण असते. ती आखली जात असतानाच शिवारातील माणसाला नकाशा वाचता आला पाहिजे.