मनुष्यनिर्मित पुळण

समुद्राची पुळण निसर्गानेंच दिलेली असावयाची, अशी आपली समजूत असते. परंतु अटलांटिक महासागरांत टेनेरीफ या स्पॅनिश बेटावर, सांता क्रूझ शहराजवळ, लास तेरेसितास नांवाची पुळण आहे. ती मनुष्यानें रचलेली आहे. हें बेट ज्वालामुखीनें घडविलेलें. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या जातीचा, त्याच जातीचा तेथील पुष्कळसा खडक. म्हणून मूळचा किनाराही काळ्या वाळूचा व गोट्यांचा होता. १९७३ सालीं सहारा वाळवंटांतील पिवळी वाळू जहाजांनीं आणून त्यावर पसरण्यांत आली. त्या काळीं वाळवंटाचा तो भाग स्पेनच्याच अमलाखालीं होता, हें नकाशा पाहतांना विसरूं नये. ज्यांची वाळू, त्यांना कोणी विचारणार होतें काय?

वाळू आणणें सोपें, राखणें कठीण. उघड्या किनाऱ्यावर आदळलेली लाट परततांना वाळू ओढून नेते. तिरपी लाट ती बाजूस सरकविते. म्हणून समुद्रांत, किनाऱ्याला समांतर, दगडांचा लांब बांध घातला आहे. लाट त्यावर फुटते, तिचें बळ दगडांच्या फटींत जिरतें, आणि आंत पोंचतें तें जवळजवळ तळ्यासारखें संथ पाणी. मात्र बांध सर्व बाजूंनीं बंद करून चालत नाहीं. पाणी खेळतें राहिलें नाहीं तर तें कुजतें.

सुटींत आलेलीं कुटुंबें लहान मुलांना तेथें निर्धास्तपणें उतरवितात. पालकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, बांध लाटेला अडवितो. पाण्याची खोली त्यानें कमी होत नाहीं.