नाव आणि अर्थ : जर्मन नावांचा एक पाठ



नववीच्या नामांकनाचे अर्ज भरणे सुरू होते, तेव्हा एक विद्यार्थिनी आपल्या आईसह आमच्या कार्यालयात आली. बोर्डाच्या अर्जात एकदा नाव गेले की अंकसूचीवर तेच येते, म्हणून त्याआधी नाव बदलून मिळावे अशी तिची विनंती होती. नाव तिच्या पणजीचे, एका नदीचे. वर्गात त्यावरून मुले हसतात, एवढेच कारण तिने सांगितले. आई काहीच बोलली नाही. जाता जाता मुलगी म्हणाली, "सर, विज्ञान कक्षात आइन्स्टाइनचे चित्र आहे. अल्बर्ट या नावाला कोणी हसत नाही. त्याचा तरी काय अर्थ आहे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, जर्मन भाषेशी आमचा संबंध आला नाही. पण विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न तसाच सोडून देणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले. जे हाती लागले ते या पाठात आपल्यासमोर ठेवत आहोत.

१. दोन शब्दांचे एक नाव

जुनी जर्मन नावे बहुधा दोन शब्द जोडून तयार झाली आहेत. आपण व्याकरणात समास शिकतो, तसाच हा प्रकार. नेहमी येणारे काही शब्द वहीत उतरवून घ्या :

आडाल – कुलीन, थोर
बेर्ट – तेजस्वी
रिख – सामर्थ्यवान, राजा
फ्रीड – शांती
हाइम – घर
हेल्म – शिरस्त्राण
हार्ट – कणखर
गेर – भाला
हिल्ड – युद्ध
झीग – विजय
वोल्फ – लांडगा

आता विज्ञान कक्षातली चित्रे पुन्हा पाहा. अल्बर्ट म्हणजे आडाल अधिक बेर्ट, थोर आणि तेजस्वी. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावणारे विल्हेल्म राँटजेन यांच्या नावात 'विल' म्हणजे इच्छाशक्ती आणि 'हेल्म' म्हणजे शिरस्त्राण. विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या हाइनरिख हर्ट्झ यांच्या नावाचा अर्थ घराचा स्वामी. १८८२ साली क्षयरोगाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख कीर्तीने तेजस्वी. गेरहार्ट म्हणजे भाल्यासारखा कणखर.

मुलींची नावेही अशीच आहेत. हिल्डेगार्ड या नावात युद्ध आहे आणि कुंपण किंवा संरक्षण आहे. बिंगेनच्या हिल्डेगार्ड (१०९८–११७९) या संन्यासिनीने मात्र युद्ध केले नाही. त्यांनी वनस्पती व औषधे यांवर ग्रंथ लिहिले आणि भजने रचली. आडेलहाइड म्हणजे कुलीन स्वभावाची. तिचेच लाडके रूप हायडी. डोंगरात आजोबांपाशी राहणाऱ्या हायडीची स्विस गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल.

दोन्ही शब्दांचा मेळ बसलाच पाहिजे असा आग्रह तेव्हा नव्हता. झीगफ्रीड या नावात विजय आणि शांती एकत्र आहेत. कित्येकदा वडिलांच्या नावातला एक शब्द मुलाच्या नावात पुढे जाई. एका प्राचीन जर्मन काव्यात आजोबा हेरिब्रांट, मुलगा हिल्डेब्रांट आणि नातू हाडुब्रांट आहे. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला देतात, तिकडे आजोबांच्या नावाचा अर्धा भाग देत असत.

२. संस्कृतशी नाते

जर्मन आणि संस्कृत या दोन्ही भाषा एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. त्यामुळे या नावांत आपल्या ओळखीचे शब्द भेटतात. 'रिख' हा 'राजन्'चा नातलग. 'वोल्फ' म्हणजे संस्कृतातला 'वृक', भीमाच्या 'वृकोदर' या नावातला. लुडविग म्हणजे युद्धात कीर्ती मिळवलेला. त्यातला 'लुड' हा आपल्या 'श्रुत' या शब्दाच्या घरातला. ज्याच्याविषयी लोकांनी ऐकले आहे, तो कीर्तिमान. 'फ्रीड' हा शब्द 'प्रीती'च्या 'प्री' धातूशी जोडला जातो. संस्कृतच्या 'प' ला जर्मनमध्ये 'फ' येतो हा नियमच आहे : पितृ – फाटर, पशु – फी, पूर्ण – फोल. हा नियम १८२२ साली याकोब ग्रिम यांनी सविस्तर मांडला. आपला भाऊ विल्हेल्म याच्यासह परीकथा गोळा करणारे ग्रिम ते हेच.

पुणे आणि मुंबई येथील जर्मन शिकवणाऱ्या संस्थेला मॅक्स म्युलर भवन म्हणतात. फ्रीडरिख मॅक्स म्युलर (१८२३–१९००) यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद छापून प्रसिद्ध केला. त्यांनी स्वतःचे संस्कृत नाव 'मोक्षमूलर' असे केले. परक्या भाषेत आपले नाव इतक्या प्रेमाने लिहिणारा माणूस विरळाच.

३. बाहेरून आलेली नावे

ख्रिस्ती धर्माबरोबर हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन नावे जर्मनीत आली. योहानेस हे हिब्रू नाव, अर्थ ईश्वर कृपाळू आहे. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारे केप्लर योहानेसच होते. गोव्यात २४ जूनला विहिरीत उड्या मारून साजरा होणारा सांजांव हा सण याच नावाच्या संताचा. मार्गारेटे म्हणजे ग्रीक भाषेत मोती, म्हणजे आपली मुक्ता. सोफी म्हणजे शहाणपण.

संगीतकार मोझार्ट यांचे उदाहरण मजेचे आहे. १७५६ साली बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांच्या नावांत थिओफिलस हे ग्रीक नाव होते. त्याचेच जर्मन रूप गॉटलीब आणि लॅटिन रूप आमाडेउस. तिन्हींत देव आहे आणि प्रेम आहे. आपल्याकडे देवप्रिय म्हणावे तसे.

४. लाडाची नावे

आपण दत्तात्रयाचा दत्तू करतो, तसे फ्रीडरिखचा फ्रिट्झ होतो, हाइनरिखचा हाइन्झ, निकोलाउसचा क्लाउस, योहानेसचा हान्स आणि मार्गारेटेची ग्रेटेल. आडोल्फचा आडी होतो. आडी डास्लर यांनी १९४९ साली बुटांची कंपनी नोंदवली, तिचे नाव त्यांच्याच नावावरून आदिदास. हाइनरिख आणि कोनराड ही नावे एके काळी इतकी घरोघरी होती, की 'हिन्झ आणि कुन्झ' म्हणजे कोणीही सोम्यागोम्या असा वाक्प्रचार तयार झाला. राजांची नावे अशी गल्लीत आली.

५. नाव आणि माणूस

आता पाठाचा महत्त्वाचा भाग.

आडोल्फ म्हणजे थोर लांडगा. शब्दात काही वाईट नाही. परंतु हिटलरच्या कृत्यांनंतर जर्मनीत हे नाव ठेवणे जवळपास बंद झाले. अर्थ चांगला असून नाव डागाळले. नावाला मोठे किंवा छोटे करतो तो माणूसच.

त्याच राजवटीने ऑगस्ट १९३८ मध्ये एक फर्मान काढले. ज्या ज्यू नागरिकांची नावे सरकारी यादीत नव्हती, त्यांच्यातील पुरुषांनी १ जानेवारी १९३९ पासून 'इस्राएल' आणि स्त्रियांनी 'सारा' हे नाव जोडून लिहायचे. इस्राएल आणि सारा ही दोन्ही जुनी, पूज्य नावे. पण ती लादली गेली ती माणसांना वेगळे काढण्यासाठी, त्यांचा अपमान करण्यासाठी. पुढे त्या लोकांचे काय झाले हे आपण इतिहासात शिकतो. कोणाच्या नावावर बोट ठेवणे ही किती गंभीर गोष्ट होऊ शकते, हे त्यावरून समजते.

त्याच देशातली दुसरी घटना डिसेंबर २००८ची. एका मुलीचे नाव 'किरण' ठेवले होते. नावावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही, म्हणून नोंदणी कार्यालयाने नुसते 'किरण' नोंदवण्यास नकार दिला. प्रकरण जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने पालकांच्या बाजूने निर्णय दिला. मुलाचे अहित होत नसेल, तर नाव निवडण्याचा अधिकार पालकांचा. आपल्या शाळेत किरण नावाचे मुलगेही आहेत आणि मुलीही, त्यात कोणाला अडचण वाटलेली नाही.

शेवटी

आठ दिवसांनी ती विद्यार्थिनी पुन्हा आली. हा सगळा वृत्तान्त आम्ही तिला सांगितला. अल्बर्ट या नावाला आज कोणी हसत नाही ते त्याच्या अर्थामुळे नाही, तो अर्थ तर आम्हालाही ठाऊक नव्हता. नाव बदलायचे असल्यास अर्ज पुढे पाठवू, निर्णय तुझा आणि आईवडिलांचा, हेही सांगितले. तिने अर्ज परत घेतला. मग म्हणाली, "नाव मी ठेवते सर, पण हसणे कोण थांबवणार?"

या प्रश्नाचे उत्तर कोणत्या पुस्तकात शोधायचे नाही. ते वर्गात बसणाऱ्या प्रत्येकाने द्यायचे आहे, आणि आम्ही शिक्षकांनीही. हजेरी घेताना नाव घाईने, अर्धवट उच्चारले जाते, तेथूनच हसण्याला सुरुवात होते. हा दोष आमचा आहे. यापुढे प्रत्येक नाव पूर्ण आणि स्पष्ट घेतले जाईल. पालकांना विनंती, की आपल्या पाल्याला त्याचे नाव कोणी ठेवले, का ठेवले, हे एकदा शांतपणे बसून सांगावे.

स्वाध्याय

१. वरील शब्दसंग्रहावरून बेर्नहार्ट, गेरबेर्ट, फ्रीडरिख या नावांचे अर्थ लावा. ('बेर्न' म्हणजे अस्वल.)
२. आपल्या वर्गातील पाच सामासिक नावे शोधून त्यांचा विग्रह करा.
३. घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीला तिच्या नावाची हकिकत विचारा आणि दहा ओळींत लिहा. निवडक लेखन पुढील अंकात घेऊ.