नळाच्या पाइपला हादरे का बसतात?

घरातच माल ठेवणाऱ्या आम्हा कापडवाल्यांना पाइपच्या आवाजाकडे दुर्लक्ष परवडत नाही. सतत हादरणाऱ्या पाइपचे सांधे सैल होतात आणि एका रात्रीच्या गळतीने तागे डागाळतात. मर्ज ओळखला तरच इलाज होतो. म्हणून आवाज केव्हा येतो, ते आधी पाहावे.

१) नळ झटकन बंद करताच ‘धाड्’ : वाहते पाणी एकदम अडते व पाइपला धक्का देते. नळ सावकाश बंद करून पाहावा. आवाज गेला तर कारण हेच. भिंतीवरचे सैल क्लॅम्प आवळून घ्यावेत.

२) एकच नळ उघडल्यावर घरघर : त्या नळाचा वायसर झिजलेला किंवा सैल असतो. मेन कॉक बंद करून तो बदलावा.

३) सर्व नळ बंद, टाकी भरताना थरथर : टाकीतला बॉल हाताने वर उचलून धरावा. पाणी अडून थरथर थांबली, तर दोष बॉलकॉकचा.

४) पाणी जाऊन आल्यावर फुरफुर : पाइपात हवा अडकते. नळ हळूहळू उघडून ती जाऊ द्यावी.

बंधूंनो, प्लंबरला एवढे नेमके सांगता आले, तर भिंत नाहक फुटत नाही.