लाल ठिपका

ज्या मुलाला मी ‘तुला अभ्यासात रस दिसत नाही’ असा मेसेज पाठवला, त्याने माझं प्रत्येक लेक्चर दोनदा ऐकलं होतं. हे मला कळलं तोवर सत्र संपलं होतं आणि त्याने परीक्षेचा फॉर्मच भरला नव्हता.

मी पालघर तालुक्यातल्या एका कॉलेजात बीकॉमला अकाउंट्स शिकवतो. २०२०च्या मार्चमध्ये वर्ग बंद झाले आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे मूडल आलं. मूडल म्हणजे मार्टिन डूगियामास या ऑस्ट्रेलियन माणसाने २००२मध्ये खुलं केलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. मुलाने धडा कधी उघडला, चाचणी किती वेळा दिली, सगळं त्यात नोंदलं जातं. त्या नोंदींवरून प्रत्येक नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका येईल अशी सोय आम्ही करून घेतली. कल्पना आमची नव्हे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००७च्या सुमारास असेच सिग्नल लावले होते. मला तर हर्षच झाला. तीस वर्षं हजेरी घेऊन जे कळलं नाही ते आता पडद्यावर दिसणार!

दिसलं ते असं. बोईसरला एका खोलीत चार मुलं राहायची, चौघंही तारापूर एमआयडीसीत कंत्राटदाराकडे कामाला. फोन गेटवर जमा करायचा, पाळी संपली की परत घ्यायचा. रोजचा डेटा पुरत नाही म्हणून एकजण सगळे व्हिडिओ उतरवून घ्यायचा आणि मेमरी कार्डावरून बाकीच्या तिघांना द्यायचा. रात्रपाळीहून आल्यावर, झोपण्याआधी ते पाहायचे. मूडलच्या लेखी त्या खोलीत एक अभ्यासू आणि तीन उडाणटप्पू होते. त्या तिघांतल्या एकाला माझा मेसेज गेला.

हिरव्या ठिपक्यांची गोष्ट याहून मजेशीर. एक विद्यार्थिनी वर्गात पहिली दिसत होती. कॉलेज उघडल्यावर तिनेच हसत सांगितलं, “सर, आवाज बंद करून लावून ठेवायची. तेवढ्यात भाकऱ्या व्हायच्या.”

इतकंच असतं तर हसून सोडलं असतं. पण आम्ही तपशीलवार अहवाल घरी पाठवायला लागलो होतो. पालकांना विश्वासात घ्यावं हा हेतू. एका मुलीच्या वडिलांनी त्यात ‘रात्री १.१०’ अशी वेळ वाचली आणि फोन काढून घेतला. घरातली कामं आटोपून सगळे झोपल्यावर तिला तेवढाच वेळ मिळत होता. त्या अहवालाखाली सही माझी होती.

मग मी नोंदी पुन्हा वाचायला बसलो, या वेळी हातात कॅलेंडर घेऊन. जुलैमध्ये जव्हार, मोखाडा, विक्रमगडची मुलं गायब होती, कारण भाताची लावणी. सातपाटी-मुरब्याची मुलं जूनमध्ये नियमित होती आणि ऑगस्टनंतर विरळ झाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मग होड्या बाहेर पडतात. दिवाळीनंतर काही नावं पार पुसली जातात, ती कुटुंबं वीटभट्टीवर गेलेली असतात. यातलं काहीही सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, तरी मी रंगावर विश्वास ठेवला. राग त्याचाच येतो.

पर्ड्यूचंही नंतर वाचलं. सिग्नल असलेले दोन किंवा अधिक विषय घेणारी मुलं कॉलेज कमी सोडतात, असा त्यांचा गाजलेला निष्कर्ष होता. २०१३मध्ये मायकेल कॉलफिल्ड आणि अल्फ्रेड एसा यांनी त्यातली गफलत दाखवली : जो मुळात टिकतो, त्याच्याच वाट्याला असे जास्त विषय येतात. विरारहून डहाणूपर्यंत जाणाऱ्याला सफाळ्याला उतरणाऱ्यापेक्षा जास्त फेरीवाले भेटणारच. म्हणून काही फेरीवाल्यांनी त्याला डहाणूला पोचवलं असं होत नाही.

तरीही मी नोंदी बघणं बंद केलं नाही. एका ठिकाणी या नोंदींनी मला खरोखर शिकवलं, आणि ते ठिकाण म्हणजे माझा स्वतःचा धडा. घसाऱ्यावरच्या व्हिडिओत साधारण अठराव्या मिनिटाला जवळजवळ सगळेच थांबत होते, मागे जात होते, पुन्हा थांबत होते. हुशार, कच्ची, सगळी. मी तो भाग फोनवर लावून पाहिला. घटत्या शिल्लक पद्धतीचा माझा तक्ता पाच इंची पडद्यावर मुंग्यांसारखा दिसत होता, आणि तो पुसून मी पुढचं वर्ष मांडत होतो. वर्षानुवर्षं फळ्यावर हेच करत आलो होतो. फळ्यासमोरची मुलं शेजाऱ्याच्या वहीत बघून भागवत असणार. व्हिडिओचे चार तुकडे केले, एकात एकच वर्ष, आकडे मोठे, आवाजाची वेगळी छोटी फाईल. एका चाचणीत तर बहुतेकांनी एकच चुकीचं उत्तर दिलं होतं. प्रश्न नीट वाचला तेव्हा कळलं, माझी वाक्यरचना तेच उत्तर सुचवत होती. म्हणून आता सत्राच्या मध्यावर मी आधी धड्यांची यादी उघडतो, मुलांची नंतर.

मुलांच्या बाबतीत मी फक्त एक खूण पाहतो : पहिल्या पंधरवड्यातलं छोटं गृहपाठाचं पान आलं की नाही. व्हिडिओ किती मिनिटं चालला याकडे ढुंकूनही बघत नाही. पान आलं नाही तर फोन करतो. मेसेज नको, मेसेज म्हणजे नोटीस. पहिला प्रश्न, “कुठल्या पाळीला आहेस?” निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. पाळ्या आठवड्याने बदलतात हे लक्षात आल्यावर गृहपाठाची मुदत आठवड्यावरून पंधरा दिवस केली, म्हणजे प्रत्येकाला एक तरी सोयीची पाळी मिळते. या बदलाला कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही.

तुमच्याकडे असे ठिपके आले, तर त्यांचा अंतर्गत गुणांशी संबंध जोडू नका. एकदा जोडलात की मुलं ठिपका हिरवा करायला शिकतील, घसारा नाही. नावांसकट यादी स्टाफच्या बैठकीत पडद्यावर लावू नका. आम्ही लावली होती, आणि पुढे वर्षभर त्या नावांकडे सगळे त्याच नजरेने बघत राहिले. काय नोंदलं जातं, कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे पहिल्याच तासाला मराठीत सांगा. इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीने यासाठी २०१४मध्येच लेखी धोरण केलं. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, पण कायद्याची वाट कशाला बघायची? घरी काही कळवायचं असेल तर आधी मुलीला विचारा.

त्या रात्रपाळीच्या मुलाला मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्याने उचलला. म्हणाला, “सर, तुम्हीच लिहिलं होतं ना.” तो परत आला नाही.

तुमच्या कॉलेजात हे ठिपके सुरू होणार असतील तर एवढं करा. विद्यार्थ्याच्या नावाने एक खातं उघडा, स्वतःचा एक धडा फोनवर उतरवा आणि मेमरी कार्डावरून दुसऱ्या फोनवर, इंटरनेट बंद ठेवून, वही-पेन घेऊन पूर्ण पाहा. दुसऱ्या दिवशी त्या नावापुढे कोणता रंग आला ते तपासा आणि मग पहिला मेसेज लिहायला बसा.